वेबसाइटवरची नागली

अपडेटच्या बटणाला हात लावायचा नाही, असा आमच्या घरात नियम होता. नवऱ्याने घातलेले बाकीचे नियम मी ते असतानाच धाब्यावर बसवले होते. हा एक मात्र ते गेल्यावरही वर्षभर पाळला.

मग मेल आला. वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, त्या कंपनीचा. तुमची थीम फार जुनी झाली आहे, सर्व्हर आम्ही बदलतो आहोत, महिनाअखेरपर्यंत थीम अपडेट करा, नाहीतर वेबसाइट बंद पडेल. मेल माझ्या नवऱ्याच्या नावाने होता. माणूस गेला हे त्या कंपनीला कोण सांगणार? मीही सांगितलं नव्हतं. त्यांच्या नावाने काहीतरी येतंय, हे मला बरंच वाटायचं.

वेबसाइट आमची नव्हे, साखरशेतच्या बायकांच्या बचत गटाची. नागली, वरई, नागलीचे पापड, हातसडीचा तांदूळ हा त्यांचा माल. नाचणीला इकडे नागली म्हणतात. माझा नवरा या भागात जन्मभर शिक्षक होता. आधी खोडाळ्याला, मग बरीच वर्षं साखरशेतला, शेवटी जव्हारला. आम्ही दोघंही मूळचे नगरकडचे. मूलबाळ नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर कुणाच्या मागे जायचा प्रश्न नव्हता. जव्हारातच राहिलो. निवृत्तीच्याच आठवड्यात त्यांनी स्मार्टफोन पुतण्याला देऊन टाकला. शाळेच्या निरनिराळ्या ॲपांनी त्यांना इतकं छळलं होतं की साधा बटणांचा फोन घेतल्यावर ते सुट्टी लागलेल्या पोरासारखे घरभर हिंडले. पण रिकामा माणूस घरात बसला की डब्यांची झाकणं नीट लागली आहेत का ते बघत बसतो. ते बघायला लागले, तेव्हा मीच म्हटलं, त्या बायका वेबसाइट करून द्या म्हणत होत्या ना, द्या की करून.

एका सहकाऱ्याचा जुना लॅपटॉप आणला आणि ते कामाला लागले. वेबसाइटचा साचा तयार मिळतो, त्याला थीम म्हणतात. अक्षरं कशी, पट्टा कुठे, बटणं कुठल्या रंगाची, सगळं त्यात आधीच ठरलेलं असतं. यांना फुकट मिळालेली थीम निळी होती. उघडली की बँकेत शिरल्यासारखं वाटायचं. गटाच्या बायका ओसरीत बसून ते निळं बघत राहिल्या. चहा झाल्यावर एकीने विचारलं, यात आपली नागली कुठे आहे? नागलीचा फोटो तर समोरच होता. पण तिला काय म्हणायचं ते यांना बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून रंग शोधायचं काम सुरू झालं. पद्धत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी काढली. मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी पदराच्या गाठीतून नागलीचा दाणा काढला, जिभेवर ओला केला आणि सरळ लॅपटॉपच्या स्क्रीनवर चिकटवला. म्हणाल्या, आता मागचा रंग बदलत न्या, दाणा दिसेनासा झाला की समजायचं, हीच नागली. आमच्या यांना ही युक्ती इतकी आवडली की पुढे महिनाभर माझ्या घरात दुसरं काही झालं नाही. वरचा पट्टा नागलीचा तांबूस, मागची पाटी वरईची पांढुरकी, बटणं खुरासणीच्या फुलाची पिवळी. बायका येत, दाणे चिकटवत, आपसांत भांडत. माझी नागली अशी नसते, तुझ्या शेताची काळी पडते, असं सगळं. स्क्रीन थुंकीने बरबटायची आणि पुसायची मी.

टायपिंगही माझंच. लग्नाआधी मी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि हे एका बोटाने टाइप करायचे, ते बघवत नसे. वेबसाइटचे रंग सीएसएस नावाच्या भाषेत लिहितात. कशाला कुठला रंग द्यायचा त्याची एक ओळ आणि ओळीच्या शेवटी हॅशचं चिन्ह लावून सहा आकडे-अक्षरं, तोच रंग. ते शेजारी बसून सांगायचे, अगं, लाल जरा कमी कर, निळा वाढव, अजून थोडा वाढव. मी म्हणायची, अहो, ही नागलीच आहे, आता उठा आणि जेवा. दाणा अजून दिसतोय म्हणायचे. शेवटी एका दुपारी दाणा खरंच दिसेनासा झाला. बोट लावून बघितला तेव्हा कुठे सापडला. त्यांनी बायकांना निरोप धाडला, सगळ्यांना लाडू दिले आणि मला म्हणाले, बघ, जमलं की नाही. एवढा आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्काराचाही झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. रंगाच्या त्या ओळी आम्ही थीमच्या मूळ फाइलमध्येच लिहिल्या होत्या. थीम बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली आणि यांनी अपडेटचं बटण दाबलं, की मूळ फाइल जाऊन तिच्या जागी कोरी फाइल येते. तसंच झालं. एका सकाळी वेबसाइट पुन्हा बँकेसारखी निळी. हे जेवले नाहीत. नशीब, रंगांचे आकडे मला पाठ होते. सगळं पहिल्यापासून लिहून काढलं, आणि तेव्हापासून तो नियम झाला. अपडेट कितीही ओरडू दे, दाबायचं नाही.

नंतर ते गेले. फार आजारी नव्हते, हाल झाले नाहीत, असं लोक मला समजावून सांगतात. जव्हार काही वाईट गाव नाही. बाजारात सगळे ओळखतात, कशा आहात विचारतात, पण पिशवी सावरत पुढे जातात. त्यांनी तरी काय करावं? वीज गेली की मी अजून "गेली" असं मोठ्याने म्हणते. आधी आतून "हो, गेली" असं यायचं. आता फक्त शेजारच्यांचा इन्व्हर्टर वाजतो. नगरहून बहीण फोन करते, इकडे ये म्हणते. तिच्या घरात मी दोन महिन्यांत नकोशी होईन हे तिला कळत नाही, मला कळतं. मला एकटं वाटतं, फार वाटतं, आणि ते मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक भजनी मंडळाचं नाव सुचवतात.

सकाळचं एक काम मात्र मी लावून घेतलं होतं. आंघोळ झाली की लॅपटॉप उघडायचा, वेबसाइट बघायची, बंद करायचा. नागलीचा पट्टा, वरईची पाटी, पिवळी बटणं. देवाला नमस्कार मी कधीमधी विसरायची, हे नाही. या माणसाने जन्मभर फळ्यावर लिहिलं आणि ते रोज पुसलं गेलं. न पुसलेलं असं त्यांचं एवढंच राहिलं होतं. आणि ते जाणार, असा मेल आला.

ताईंना फोन लावला. म्हटलं, वेबसाइट पुन्हा निळी होईल बहुतेक. त्या म्हणाल्या, होऊ दे निळी, दिवाळी झाली की नवा माल निघेल, तेव्हा बंद नाय पडली पाहिजे. बोलणं रास्त होतं, तरी मला राग आला. मनात म्हटलं, तुमचं काय जातंय.

मग कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडे हिंदीत बोलणारा एक तरुण होता, फार सभ्य. मी माझ्या हिंदीत गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, काही जाणार नाही मॅडम, आधी एक चाइल्ड थीम बनवा. साठीच्या बाईला हे ऐकून हसू आलं, पण त्याला कशाला सांगा. त्याने नीट समजावलं. मूळ थीमला हात लावायचा नाही. तिच्या शेजारी आपला एक छोटा फोल्डर करायचा, त्यात आपली सीएसएसची फाइल ठेवायची आणि फाइलच्या वरच लिहून टाकायचं की आमची मूळ थीम ही. मग बाकी सगळं मूळ थीममधून आपोआप येतं. आपल्याला जेवढं वेगळं हवं, तेवढंच आपल्या फाइलमध्ये लिहायचं. मूळ थीम शंभरदा अपडेट झाली तरी आपलं लिहिलेलं जागेवर राहतं. मला ते पडद्याच्या किनारीसारखं वाटलं. पडदा बदलला तरी आपण विणलेली किनार उसवून नव्याला लावता येते.

बोलणं संपताना तो दरवेळी विचारायचा, और कोई सहायता, मैडम? मी त्या आठवड्यात त्याला खूप फोन केले, आणि खरं म्हणजे सगळेच कामाचे नव्हते. एकदा विचारलं, जेवलास का बाबा. तो गडबडला. त्याला बहुतेक तसं बोलायची परवानगी नसावी. "जी मैडम, और कोई सहायता?" असं म्हणाला. त्याच्यापेक्षा जास्त वेळ त्या आठवड्यात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

आता प्रश्न असा होता की यांनी नेमकं काय काय बदललं होतं? पट्टा, पाटी, बटणांचे रंग मला ठाऊक होते. पण मी स्वयंपाकघरात असताना ते एका बोटाने आणखी काय काय करत बसायचे, ते कुठे ठाऊक? त्या तरुणाने सांगितलं, त्याच जुन्या आवृत्तीची कोरी फाइल उतरवून घ्या, दोन्ही शेजारी लावा, फरक दाखवणारं साधन आहे त्यात टाका. मी टाकलं. हजारो ओळी सरकत गेल्या, सगळ्या सारख्या. यांनी बदललेल्या तेवढ्या रंगून समोर आल्या. मोजून वीस-पंचवीस.

मी बघतच राहिले. दुपारच्या दुपारी, चष्मा कपाळावर, चहा गार, हाक मारली तर ओ नाही, आणि त्याचं सगळं मिळून एवढंच? मला रडूच आलं, आणि त्यांचा रागही आला. मग एकेक ओळ बघत गेले. एका ओळीत पापडांच्या किमतीचं अक्षर मोठं केलेलं. म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून असणार. एका ओळीत फोटोंच्या कडा गोल केलेल्या. हे कधी केलं, मला सांगितलंही नव्हतं. वीस ओळींतला माणूस मला ओळखता येत होता.

त्या ओळी उचलून मी आमच्या नव्या फाइलमध्ये बसवल्या. मूळ थीम अपडेट केली. चाइल्ड थीम चालू केली. वेबसाइट उघडी पडली होती. रंग होता, पण बाकीची सगळी अक्षरं डावीकडे एकाखाली एक. परत फोन. मूळ थीमची सीएसएस आधी बोलावून घ्यायची एक ओळ दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची राहिली होती. ती लिहिली, तर वरचा मेन्यू गायब. थीम बदलली की मेन्यू पुन्हा जागेवर नेमावा लागतो म्हणे. तोही नेमला. मग पान परत उघडलं आणि सगळं होतं तसं समोर आलं. नागली, वरई, खुरासणी. खाली नव्या आवृत्तीचा आकडा आणि वर त्यांचे रंग.

"जमलं," मी मोठ्याने म्हटलं. घरात कोणी नव्हतं. एवढी मोठी गोष्ट केली आणि सांगायला माणूस नाही, याचं जे वाईट वाटलं, ते त्यांच्या दिवसकार्यातही वाटलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पातळ नेसले आणि मोखाड्याची जीप धरली. आठवडे बाजार होता. गटाचा माल घेऊन ताई तिथे बसतात.

ताईंच्या पुढ्यात पापडांच्या चळती आणि नागलीचं टोपलं होतं. मी त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसले आणि सांगितलं, वेबसाइट वाचली, रंगासकट वाचली. त्यांनी फोन काढला, वेबसाइट उघडली आणि माझ्यापुढे धरली.

वरचा पट्टा पिकल्या करवंदाच्या रंगाचा होता. काळपट जांभळा. वरईची पाटी निळसर. खुरासणीचा पिवळा तेवढा जिथल्या तिथे. मी म्हटलं, ताई, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. त्या टोपल्यातली नागली चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिघडला काय नाय, बाय. तो पयल्यापासून असाच हाय."

मी पिशवीतून माझा फोन काढला. त्यावर मी वेबसाइट आजवर एकदाही उघडली नव्हती. ती यांची आणि त्या लॅपटॉपची गोष्ट होती, मला फोनवर बघायची गरज कधी वाटलीच नाही. उघडली, तर तिथेही करवंदच. तेव्हा सगळा उलगडा झाला. लॅपटॉपची स्क्रीन जुनी होऊन पिवळी पडली होती. तिच्यावर नागलीचा रंग जमवायला हे निळा वाढव, निळा वाढव म्हणत गेले. त्यात दाणा थुंकीने ओला, म्हणजे आणखी काळपट. आमच्या स्क्रीनवर दाणा दिसेनासा झाला, आणि बाकी सगळ्या जगात पट्टा जांभळा झाला.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? ताई म्हणाल्या, गुरजी इतके खूश होते, आम्हाला लाडू वाटले, मग कोणी सांगायचं? आणि दाणा चिकटवायची अक्कल तर ताईंचीच होती, ती चुकली हे त्यांना घरी जाऊन मुलाच्या फोनवर बघितल्यावर कळलं. सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं, गप्प बसायचं. पुढे गिऱ्हाइकं विचारायची, ही जांभळी नागली कुठली? तर या सांगायच्या, ही गुरजींची नागली. तेच नाव पडलं.

मी हसले, पण आतून पार ओशाळले होते, नवऱ्याच्या वतीने. जीपमधून येताना एकच विचार डोक्यात होता. त्यांना जांभळा नको होता. त्यांना नागली हवी होती. महिनाभर त्याच्यासाठीच बसले होते. आता सगळं माझ्या हातात आहे, एक ओळ बदलायची, मग मी का नाही बदलायची? घरी आल्या आल्या नागलीचा दाणा घेतला, या वेळी कोरडा, आणि फोनवर ठेवला. आकडे बदलत गेले. दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीत आली तेव्हा दाणा फोनवर दिसेनासा झाला. वरईही नीट केली. म्हटलं, घ्या, तुमचं राहिलेलं काम मी केलं. लॅपटॉपवर मात्र तो पट्टा आता शेवाळल्या मातीसारखा दिसत होता. दिसू दे, म्हटलं. तो बघणारी मी एकटीच.

पुढच्या बाजारच्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. मागे बाजाराचा गलका होता.

"बाय, नागली काय झाली?"

मी अभिमानाने सांगितलं, आता सगळ्यांच्या फोनवर खरी नागली दिसते, अगदी दाण्याला दाणा.

त्या म्हणाल्या, "खरी नागली आमचे घरात कणगी भरून हाय. गुरजींचा आमचेकडं दुसरा काय हाय?"

मला आधी रागच आला. नवरा माझा, घर माझं रिकामं झालं, आणि या मला सांगतात. मी काहीतरी तोडून बोलणार होते. पण मागून कोणीतरी ताईंना विचारत होतं, आली का, परत आली का गुरजींची? आणि आणखी एक बाई तिला गप्प करत होती. त्या सगळ्या टोपल्यांभोवती जमून एका फोनवर वाकून बघत असणार. त्यांतल्या कितीतरी जणी आमच्या यांच्याच हाताखाली बाराखडी शिकलेल्या. वर्षभर मला वाटत होतं की ते गेले ते फक्त माझ्या घरातून.

थांबा, मी ताईंना म्हटलं, फोन ठेवू नका. फाइल उघडली. ते सहा आकडे बघून लिहावे लागले नाहीत. नागलीचे लिहिले, वरईचे लिहिले, जतन केलं. विचारलं, आली का?

"आली," ताई म्हणाल्या.

काम झालं होतं, तरी फोन दोघींनीही बराच वेळ ठेवला नाही.